दोन्ही हातांचें शिक्षण

पुण्यांत भाद्रपद महिना जवळ येऊं लागला म्हणजे मुठा नदीच्या कांठीं संध्याकाळीं ढोलताशांचा सराव सुरू होतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या गर्दींत क्षणभर उभें राहून एखाद्या ढोलवादकाच्या हातांकडे लक्ष द्यावें. एका हातांत टिपरू असतें व दुसरा हात उघड्या पंजानें थापी देतो. दोन्ही हात एकाच वाद्यावर व एकाच लयींत चालतात. तरी दोहोंचें काम निराळें व आवाजही निराळा. नवशिक्या मुलाचा एक हात बरोबर पडूं लागला कीं दुसरा चुकतो. दुसऱ्याकडे पाहावें तों पहिला थांबतो. पुढें कांहीं दिवसांनीं ही अडचण नाहींशी होते, पण ती कशी गेली हें त्या मुलासही सांगतां येत नाहीं. ह्या लहानशा गोष्टीच्या पोटीं मोठें शिक्षण आहे, आणि तें एका परक्या वाटणाऱ्या वाद्याच्या योगानें समजावून द्यावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तें वाद्य म्हणजे बेस गिटार, आणि ती वादनपद्धति म्हणजे टॅपिंग, अर्थात् दोन्ही हातांच्या बोटांनीं दांडीवरच तारांस आघात करून स्वर काढणें.

हा विषय निवडण्यास एक कारण घडलें, तें आरंभींच सांगून टाकणें बरें. कारण त्यांत चूक आमची आहे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईनें दोन वर्षें थोडे थोडे पैसे बाजूस टाकून त्याला एक जुनी बेस गिटार घेऊन दिली. मुलगा त्या वेळीं नववींत होता. मोठमोठ्या वादकांचे व्हिडिओ पाहून त्याला टॅपिंगचें वेड लागलें, व वार्षिक स्नेहसंमेलनांत आपण तें वाजवून दाखवूं काय, असें त्यानें आम्हांस विचारलें. आम्हीं त्याची पाठ थोपटली आणि म्हटलें, "तीन आठवडे आहेत, तोंपर्यंत चांगला वेग आण." झालें! तो रोज रात्रीं तीन तीन तास वेग आणीत बसला. दोन आठवडे पुरे होण्यापूर्वींच त्याचें उजवें मनगट सुजलें. सहामाही परीक्षेंत त्याला लेखणी नीट धरवेना. डॉक्टरांनीं सहा आठवडे हातास पूर्ण विश्रांति सांगितली. संमेलन तर गेलेंच, पण एके दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले आणि शांतपणें म्हणाले, "सर, तुम्हींच त्याला चढविलें. पुढें दहावीचें वर्ष आहे. हें वाद्य आतां मी विकून टाकतों."

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं त्यांच्याकडे एका वर्षाची मुदत तेवढी मागितली, आणि कबूल केलें कीं, ह्यापुढें मुलगा काय करतो तें आम्हीही त्याच्याबरोबर बसून शिकूं. त्या वर्षांत जें आमच्या पदरांत पडलें तेंच येथें लिहीत आहों.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. बेस गिटार हें खर्जाचें वाद्य होय. अमेरिकेंतील लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं जें वाद्य विक्रीस आणलें त्यानें ह्या जातीस आजचें रूढ रूप दिलें. तंबोऱ्याप्रमाणें हिलाही बहुधा चारच तारा असतात. सर्वांत जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत त्यांचीं पाश्चात्य नांवें ई, ए, डी व जी अशीं आहेत. जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कांपते, तर बारीक तार ९८ वेळां. प्रत्येक तार आपल्या शेजारच्या जाड तारेहून मध्यमानें चढी असते. म्हणजे एकीस षड्ज मानला तर पुढची शुद्ध मध्यम होते. तारेचा कांपणारा भाग बहुतेक वाद्यांत ३४ इंच लांब असतो. दांडीवर सतारीसारखे पडदे असतात, पण ते न सरकणारे. बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे १७ इंचांवर येतो, व तेथें वरच्या सप्तकांतला तोच स्वर मिळतो. तार निम्मी केली कीं कंपनें दुप्पट होतात, हा भौतिकशास्त्रांतील नियम येथें बोटाखालीं सांपडतो.

आतां वादनाची रीति पाहूं. नेहमींच्या रीतींत दोन्ही हातांनीं काम वाटून घेतलेलें असतें. डावा हात तार पडद्यावर दाबून स्वर ठरवितो. उजवा हात ती तार छेडून स्वर उमटवितो. एकावांचून दुसरा पंगु. टॅपिंगमध्यें ही वांटणी मोडते. बोट पडद्याच्या लगत मागें वरून नेमकें आदळतें व तेथेंच टेकून राहतें. त्या एकाच क्रियेनें स्वर ठरतो आणि उमटतोही. म्हणजे प्रत्येक हात आपापल्या परीनें पुरा होतो. डाव्यानें खर्जाची साथ धरावी व उजव्यानें चीज वाजवावी. एकाच माणसाच्या हातून दोन वादकांचें काम व्हावें, हें ह्या पद्धतीचें मर्म आहे.

ही कल्पना सर्वस्वीं नवी नाहीं. युरोपांत पियानोच्या पूर्वीं क्लॅव्हिकॉर्ड नांवाचें एक घरगुती वाद्य होतें. त्याची पट्टी दाबली कीं पितळेची लहानशी पात खालून तारेस लागे व तेथेंच टेकून राही. तिच्यामुळेंच नाद निघे व तिच्यामुळेंच तारेची लांबी ठरे. तारेचा नको असलेला भाग वाजूं नये म्हणून त्यावर कापडाची पट्टी गुंफलेली असे. टॅपिंग करणाऱ्याचें बोट म्हणजे ती पितळेची पातच होय. क्लॅव्हिकॉर्डचा आवाज फार नाजूक असे, आणि नुसत्या बोटाच्या आघातानें निघणारा गिटारचा आवाजही तसाच नाजूक असतो. तो दिवाणखान्यापलीकडे पोंचूं लागला तो विजेच्या साहाय्यानें. तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार चुंबकावर कांपली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो, व ॲम्प्लिफायर तो वाढवितो. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलेलें जें विद्युत्प्रवर्तन आपण विज्ञानाच्या तासास शिकतों, त्याच्याच बळावर ही कला उभी आहे.

अमेरिकेंत जिमी वेब्स्टर यांनीं १९५२ सालीं विजेच्या गिटारवर अशा वादनाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. एमेट चॅपमन यांनीं १९६९ सालीं दोन्ही हात दांडीवर समोरासमोर ठेवून सारख्याच अधिकारानें वाजविण्याची रीति बसविली आणि पुढें तिच्यासाठीं एक स्वतंत्र वाद्यच घडविलें. बेस गिटारवर ही पद्धति पुढें नेणाऱ्यांत बिली शीहन, स्टुअर्ट हॅम व व्हिक्टर वुटन हीं नांवें ठळक आहेत. १९८८ सालच्या आपल्या ध्वनिमुद्रिकेंत स्टुअर्ट हॅम यांनीं बीथोव्हेनचा पियानोवरील मूनलाइट सोनाटा एकट्या बेस गिटारवर वाजविला. आपल्याकडे २०१० सालीं पुण्यांत सुरू झालेल्या एन.एच.७ वीकेंडरसारख्या महोत्सवांमुळें तरुण मंडळींचें लक्ष ह्या वाद्यांकडे विशेष वेधलें. मुंबईंत वाढलेल्या मोहिनी डे ह्या बेस गिटार वाजविणाऱ्या कलावतीस पहिले धडे तिच्या वडिलांनींच दिले, ही गोष्ट मुलींनीं व त्यांच्या वडिलांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

पण आपल्या देशांत हें शास्त्र ह्याहून पुष्कळ जुनें आहे. फक्त तें निराळ्या वाद्यांत आहे. आपल्या हातपेटींत डावा हात भाता हालविण्यांत गुंततो व चीज एकट्या उजव्या हाताची असते. तबल्याची गोष्ट मात्र तशी नाहीं. तेथें उजव्या हाताखालीं तबला बोलतो व डाव्याखालीं डग्गा. डग्गा म्हणजे त्या जोडींतला खर्जच. गंधर्व नाटक मंडळींत अहमदजान थिरकवा यांनीं जी साथ केली तिची आठवण जुने रसिक अभिमानानें काढीत, ती काय एकाच हाताची होती? आणि गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर यांची कीर्ति तर ह्याच विद्येसाठीं आहे. दोन हातांनीं दोन भिन्न ताल एकाच वेळीं धरावे आणि समेवर बिनचूक यावें, हें त्यांचें कर्तृत्व संगीतप्रेमी मराठी घरांतून आजही सांगितलें जातें. तेव्हां ज्यास टॅपिंग शिकावयाचें आहे त्यानें केवळ परदेशाकडे न पाहतां आपल्या तबलजीकडेही पाहावें.

आतां प्रत्यक्ष पाठ. ज्यांच्याजवळ वाद्य नाहीं त्यांनीं तो मेजावर बोटांनीं करून पाहिला तरी चालेल. त्यांतील शिक्षण वाया जाणार नाहीं.

पहिली गोष्ट वाद्याच्या सिद्धतेची. तारा पडद्यांपासून फार उंच असल्या तर बोटास विनाकारण जोर करावा लागतो. म्हणून त्या जाणत्या माणसाकडून बेतानें खालीं घेवाव्या. दांडीच्या टोकाशीं, पहिल्या पडद्याजवळ, तारांभोंवतीं एक मऊ कापडी फीत गुंडाळावी. बोट आदळलें कीं त्याच्या मागचा तारेचा भागही कुरकुरतो. ती कुरकुर ह्या फितीनें बंद होते. ॲम्प्लिफायरचा आवाज बेताचाच ठेवावा. आवाज फार वाढविला कीं कानांस इजा होते व चुकाही झांकून जातात.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. सर्वांत जाड तारेवर पांचव्या पडद्याशीं तर्जनी आदळावी. हा आपला षड्ज; तो सेकंदास ५५ कंपनांचा आहे. मग शेजारच्या तारेवर सातव्या पडद्याशीं अनामिका आदळावी. हा पंचम. सा, प, सा, प असें मिनिटास ५० ठोक्यांच्या संथ लयींत वाजवावें. दोन्ही स्वरांचा आवाज सारखा निघाला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याची अनामिका प्रथम अगदींच मुकी होती; ती बोलकी होण्यास नऊ दिवस लागले. बोट उंचावरून आपटूं नये. अर्ध्या इंचावरून, परंतु नेमकें आणि निश्चयानें टाकावें. मोठा आघात म्हणजे मोठा नाद नव्हे. पडद्याच्या लगत पडलेलें हलकें बोट दूर पडलेल्या जड बोटापेक्षां स्वच्छ बोलतें.

तिसरी गोष्ट उजव्या हाताची. अंगठा दांडीच्या वरच्या कडेवर अलगद टेकवावा. सर्वांत बारीक तारेवर चौदाव्या, सोळाव्या व अठराव्या पडद्यांशीं अनुक्रमें सा, रे व ग मिळतात. हा षड्ज २२० कंपनांचा, म्हणजे डाव्या हातच्या षड्जाहून बरोबर दोन सप्तकें वर आहे. त्याच्या शेजारच्या जाड तारेवर चौदाव्या पडद्याशीं खालचा पंचम व सोळाव्याशीं खालचा धैवत आहे. प, ध, सा, रे, ग! पांचही स्वर एका पंजाच्या आटोक्यांत आले, आणि आपला ओळखीचा भूप हातीं लागला. चौदाव्यास तर्जनी, सोळाव्यास मधलें बोट व अठराव्यास करंगळी योजावी. ह्या वेळीं डावा हात मांडीवर स्वस्थ ठेवावा.

चौथी गोष्ट दोहोंच्या भेटीची. डाव्या हातानें सा धरावा व त्याच क्षणीं उजव्यानें सा वाजवावा. दोन आघात कानास एकच वाटले पाहिजेत. मग डाव्यानें सा, प हें चालूं ठेवून उजव्यानें प्रत्येक ठोक्यास एक स्वर याप्रमाणें सा, रे, ग, रे, सा, ध, प, ध असें फिरावें. दानाच्या बाबतींत एका हाताचें दुसऱ्या हातास न कळणें उत्तम खरें. पण येथें प्रत्येकानें दुसऱ्याची सारखी विचारपूस केली पाहिजे. सलग पांच वेळां चूक झाली नाहीं तरच लय चार ठोक्यांनीं वाढवावी, आणि चूक झाली तर निमूटपणें मागल्या लयीवर यावें.

पांचवी गोष्ट सर्वांत अवघड, आणि तिच्याशींच आमच्या हकीकतीचा शेवट जोडलेला आहे. एकाच अवधींत डाव्यानें दोन आघात करावे व उजव्यानें तीन. आम्ही दोघे ह्या ठिकाणीं तीन आठवडे अडून बसलों. आंकडे मांडले, तक्ते केले, पण हात ऐकेनात. एका रविवारीं आम्ही त्याच्या घरीं बसलों असतां वडील कामावरून आले व दारांत उभे राहून ऐकूं लागले. ते भजनांत ढोलकी वाजवितात, हें आम्हांस तोंवर ठाऊक नव्हतें. थोड्या वेळानें ते चप्पल काढून आंत आले, खालीं बसले व मांडीवर हात मारीत म्हणाले, "अरे, सहा मात्रा मोज कीं. हा तर दादराच!" आणि खरोखरच तो दादरा होता. धा धी ना, धा ती ना. डावा हात पहिल्या व चौथ्या मात्रेवर, म्हणजे समेवर आणि कालीवर; उजवा पहिल्या, तिसऱ्या व पांचव्या मात्रेवर. पहिल्या मात्रेस दोघे भेटतात. मग उजवा, डावा, उजवा असे पाठोपाठ येतात, आणि सहावी मात्रा मोकळी जाते. जें तीन आठवड्यांत आम्हांस साधलें नाहीं तें त्या बापलेकांनीं त्या संध्याकाळीं मांडीवर साधलें; पुढें चार दिवसांत तें तारेवर आलें.

आतां शरीराच्या काळजीविषयीं. दिवसास वीस मिनिटें पुरेत, व तींही दहा दहा मिनिटांच्या दोन भागांत. मनगट सरळ असावें; तें वांकवून जोर केल्यास आंतील स्नायुबंधांवर ताण पडतो. हातास ठणका लागला, बोटें बधिर झालीं किंवा मुंग्या आल्या, तर त्याच क्षणीं वाद्य खालीं ठेवावें व घरच्या माणसांस सांगावें. दुखणें दुसऱ्या दिवशींही राहिलें तर डॉक्टरांस दाखवावें. दुखणें सोसून वाजविण्यांत शौर्य नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें तें सोसलें, कारण आम्हीं त्यास वेगाची तारीख दिली होती. शिक्षकांनीं व पालकांनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें, अशी विनंति आहे.

गेल्या स्नेहसंमेलनांत त्या मुलानें सुमारें दोन मिनिटें भूपाचे स्वर दादऱ्याच्या अंगानें वाजविले. त्यांत वेग नव्हता. मागील बाकांवरील मुलांनीं थोडी चुळबूळही केली. वडील तिसऱ्या रांगेंत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते आम्हांस म्हणाले, "सर, एवढेंच का?" आम्हीं म्हटलें, "होय, वर्षाचें एवढेंच." ते हंसले; आणि वाद्याची पिशवी त्यांनीं स्वतःच्या खांद्यावर घेतली. ती विकण्याचा विषय त्यानंतर निघालेला नाहीं. मुलगा आतां दहावींत आहे. अभ्यासाच्या मधल्या वेळांत तो वीस मिनिटें वाजवितो व मग वाद्य भिंतीशीं ठेवून देतो.

पालकांस आमचें सांगणें इतकेंच. मुलाच्या हातीं आलेलें नवें वाद्य, मग तें कोणत्याही देशाचें असो, पाहतांच परकें मानूं नये. त्यांतील कोडें कदाचित् आपल्याच घरांतील माणसास सुटण्यासारखें असेल. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस सांगणें असें कीं, दुसऱ्याचा वेग पाहून आपला हात मोजूं नका. प्रथम एका हातास पुरें शिकवा, मग दुसऱ्यास. दोघांची भेट सावकाश घडवा. ढोल असो, तबला असो, कीं बेस गिटार असो, हा क्रम चुकवून कोणास जवळची वाट सांपडल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. आम्हीं ती शोधून पाहिली, आणि तिची किंमत एका मुलाच्या मनगटानें दिली.